उत्तर कोंकणची बोली आणि नक्कलकाराची शुद्धि

उत्तर कोंकणांतील बोलींचा विचार करूं इच्छिणाऱ्यास आजही प्रथम जो ग्रंथ हातीं घ्यावा लागतो, तो सर जॉर्ज ग्रियर्सन यांनीं संपादिलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड होय. हा खंड इ. स. १९०५ त प्रसिद्ध झाला. तो सर्वस्वीं मराठीचा असून स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितानें सिद्ध केला. आज जो प्रदेश ठाणें, पालघर व रायगड या जिल्ह्यांत विभागला आहे, तेथील आगरी, कोळी, कुणबी, परभी, वाडवळ, सामवेदी, फुडगी, वारली, ठाकरी, कातकरी इत्यादि बोलींची नोंद या एका ग्रंथांत सांपडते. इतका विस्तृत संग्रह तत्पूर्वीं कोणीं केला नव्हता, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. तथापि जुने कागद वाचतांना या खंडांतील मासले प्रमाण धरून त्यांवरून एकाद्या लेखाचा प्रांत ठरविण्याची चाल आमच्या संग्राहकांत पडली आहे. ती चाल कितपत निर्दोष आहे, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तसें करितांना आमच्या हातून घडलेल्या एका अपराधाचाही जबाब आम्हांस द्यावा लागेल.

पाहणीची पद्धति सर्वांस ठाऊक आहे. प्रत्येक बोलींत बायबलांतील उधळ्या पुत्राच्या कथेचें भाषांतर, एक स्थानिक उतारा, आणि ठराविक शब्द व वाक्यें यांची यादी, असे तीन मासले जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी अधिकाऱ्यांमार्फत मागविण्यांत आले. या पद्धतीवर आमचे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, भाषांतर हें बोलणें नव्हे. समोर मूळ लेख असला म्हणजे बोलणारा त्याच्या वाक्यरचनेमागें चालूं लागतो, आणि बोलीचें जें खरें अंग, म्हणजे वाक्य तोडण्याची व जोडण्याची तऱ्हा, तेंच लपून बसतें. दुसरा आक्षेप असा कीं, कचेरीच्या माणसासमोर शेतकरी जें बोलतो तें घरचें बोलणें नसतें. त्यांतून तें लिहून घेणारा कारकून अगर पंतोजी शाळेंत शिकलेला; त्याच्या कानास जें अशुद्ध लागतें तें तो नकळत सुधारतो. तिसरा आक्षेप नांवांचा आहे. खंडांत या बोली ‘कोंकण-प्रमाण’ अशा एका व्यापक नांवाखालीं घालून पुनः बहुतांशीं जातींच्या नांवांनीं वांटल्या आहेत. त्यामुळें स्थळाचा विचार मागें पडतो. भिवंडीच्या खाडीकांठचा आगरी व अलिबागेकडचा आगरी यांच्या बोलण्यांत जो फरक आहे, तो त्या नांवांत दिसत नाहीं. उलट एकाच गांवच्या आगऱ्याच्या व कुणब्याच्या बोलींत जें साम्य आहे, तें दोन नांवांमुळें झांकलें जातें.

ग्रियर्सन यांस ही अडचण कळली नव्हती असें नाहीं. पाहणीच्या १९२७ त निघालेल्या प्रस्तावनाखंडांत त्यांनींच नमूद केलें आहे कीं, खेड्यांतील मनुष्यास आपल्या भाषेचें नांव बहुधा ठाऊक नसतें. नांव ठेवणारे असतात ते शेजारी. आमच्या मतें या एका निरीक्षणांत सर्व प्रकरणाची किल्ली आहे. ज्यास शेजाऱ्यानें नांव दिलें, त्यानें शेजाऱ्याचा अभिप्रायही त्या नांवाबरोबरच घेतला.

याचा पडताळा भिवंडींत नित्य येतो. हें गांव एका भाषेचें कधींच नव्हतें. मागावर बसणाऱ्या मोमिनांची उर्दू, पद्मशाळ्यांची तेलुगु, कोंकणी मुसलमानांच्या घरांतली मराठी वळणाची कोंकणी, आणि भोंवतालच्या गांवांतून आगऱ्यांची, कुणब्यांची व वारल्यांची बोली, असा येथील बाजार आहे. कोंकणी मुसलमान गृहस्थास मातृभाषा विचारावी तर कित्येकदां तो उर्दू सांगतो. चुलीपाशीं बोलतो ती भाषा त्याच्या लेखीं भाषाच नसते. खाडीकांठच्या एका वृद्ध आगऱ्यास आम्हीं एकदां त्याच्या बोलीविषयीं पृच्छा केली. तो म्हणाला, “आमची कसली भाषा, गुरुजी? आम्ही आपलं वेरंवाकरं बोलतो.” ‘वेडेंवांकडें’ या शब्दांतील दोन्ही ड-कारांचा त्यानें र-कार केला, आणि त्या बोलीचें एक मुख्य लक्षण तिची निंदा करतां करतांच आमच्या पदरांत टाकलें.

परंतु ही दृष्टि केवळ त्या वृद्धाची नव्हे. स्वतःस शुद्ध समजणारांचा भ्रम याहून मोठा असतो. कारण निंदकास निदान आपला हेल ऐकूं येतो, शुद्धास तो मुळींच ऐकूं येत नाहीं. आम्ही शिक्षणासाठीं प्रथम पुण्यास गेलों तेव्हां आमच्या बोलण्यास हेल आहे असें आम्हांस स्वप्नींही वाटत नव्हतें. तेथें पहिल्याच वाक्यावर “आपण कोंकणांतले काय?” असा प्रश्न आला. आणि ज्या पुण्याची भाषा आम्ही प्रमाण मानीत होतों, तेथील कित्येक कुळांच्या घरीं कोंकणांत असतांना चित्पावनी बोलली जात होती. घाट चढल्यावर कालांतरानें ती सुटली. मोल्सवर्थचा कोश १८३१ त आणि दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ त निघालें; पुढें शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांनीं एक वळण कायम केलें. तें वळण सोयीचें आहे व आम्ही जन्मभर तेंच शिकविलें. परंतु सोय निराळी आणि शुद्धि निराळी.

येथें कोणी शास्त्राचा आधार मागेल. महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत पतंजलि सांगतो कीं, गमनार्थीं ‘शवति’ हें क्रियापद कांबोजांत चालतें, आर्य लोक मात्र ‘शव’ एवढेंच वापरतात. कापणें या अर्थीं ‘दाति’ प्राच्य लोक बोलतात, उदीच्यांत ‘दात्र’ चालतें. देशपरत्वें शब्दांचा विनियोग वेगळा, हें त्यानें निंदा न करितां नोंदलें आहे. त्याच आह्निकांत अपशब्दामुळें पराभव पावलेल्या असुरांची कथा आहे, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. पण तिच्या जोडीस यर्वाणस्तर्वाण ऋषींचीही कथा आहे. हे ऋषि व्यवहारांत इतकें शिथिल बोलत कीं, त्या बोलण्यावरूनच त्यांस नांव पडलें. यज्ञकर्मांत मात्र ते यथाशास्त्र बोलत. भाष्यकार त्यांस ज्ञानी म्हणतो. सारांश, कर्माची भाषा व घराची भाषा यांचे नियम भिन्न आहेत. एकीचा दंड दुसरीस लावूं नये.

याहून जवळचें उदाहरण वेदपठणाचें आहे. दोन स्वरांमधील ड-काराचा ऋग्वेदी ळ-कार करतात, इतर शाखांत ड-कारच राहतो. माध्यंदिन शाखेचे लोक ष-काराच्या जागीं ख-कार व शब्दारंभींच्या य-काराच्या जागीं ज-कार उच्चारतात. एक शाखा दुसरीस अशुद्ध म्हणत नाहीं, कारण प्रत्येकीच्या पाठीशीं शिक्षाग्रंथ व प्रातिशाख्य उभें आहे. पाणिनीय शिक्षेंत तर अनुनासिकाचा उच्चार कसा असावा हें सांगण्यास ताकाचें नांव घेणाऱ्या सौराष्ट्रदेशीय स्त्रीचा दाखला दिला आहे. बाजारांतली गवळण तेथें शास्त्रास प्रमाण झाली! आमच्या आगऱ्याच्या र-कारामागें प्रातिशाख्य नाहीं, एवढाच त्याचा दोष.

आतां उलट बाजूचा अतिरेकही सांगितला पाहिजे. बोलीचा अभिमान जागा झाला म्हणजे तिच्यांतील प्रत्येक रूप प्राचीन ठरविण्याची हौस उत्पन्न होते. ‘पानी’ हा उच्चार घ्या. आम्ही वर्गांत मुलांस तो सुधारून ‘पाणी’ म्हणावयास लावीत असूं. संस्कृत शब्द ‘पानीय’; त्यांत न-कारच आहे. तेव्हां आगऱ्यानें संस्कृताचा न-कार राखिला व आम्हीं प्राकृताचा ण-कार त्यावर लादला, असें म्हणावयास मोह होतो. पण तसें नाहीं. जो मनुष्य ‘पानी’ म्हणतो तोच ‘बाण’ यास ‘बान’ म्हणतो, आणि तेथें संस्कृतांत ण-कार आहे. महाराष्ट्री प्राकृतांत न-काराचा सर्वत्र ण-कार होतो, असें वररुचीनें सांगितलें आहे. मराठींत एकेरी वर्णाचा ण-कार राहिला व जोड वर्णाचा न-कार झाला, म्हणून ‘पाणी’ व ‘कान’ असे दोन शब्द जुळून आले. झ्यूल ब्लोक यांच्या ग्रंथांत हा क्रम दिला आहे, वा. गो. परांजपे यांनीं केलेलें त्याचें मराठी रूपांतर १९४१ त निघालें. उत्तर कोंकणच्या या बोलींत पुढें दोन्ही वर्ण एक झाले. हा बदल संस्कृतापासून राखलेला ठेवा नव्हे, मागाहून झालेला आहे. पण नियमानें झालेला आहे. बोलीचा मान तिच्या नियमितपणांत आहे, कल्पित प्राचीनतेंत नाहीं.

आतां आमच्या अपराधाकडे वळूं. बऱ्याच वर्षांपूर्वीं भिवंडीजवळच्या खाडीकांठच्या एका घरांतून भाताच्या व मिठाच्या हिशेबाची एक मोडी वही आम्हांस नकलेसाठीं मिळाली. आगर, बांध, खारजमीन यांच्या डागडुजीचा खर्च तींत होता. लिहिणारा गांवचाच असावा. कारण ‘पानी’, ‘नारल’, ‘मना’ अशीं रूपें पानोपानीं होतीं. आम्हीं बालबोध नक्कल करितांना तीं सर्व ‘पाणी’, ‘नारळ’, ‘मला’ अशीं करून टाकलीं, आणि तसें केल्याची टीपही ठेविली नाहीं. लेखनिकाच्या चुका काढून टाकणें हें आम्हांस विद्वानाचें कर्तव्य वाटलें. मूळ वही साभार परत केली. दिनांक २६ जुलै २००५ च्या महापुरांत त्या घरांत पाणी शिरलें आणि वहीचा लगदा झाला. आज जगांत तिची एकच प्रत आहे, ती आमची, आणि ती खोटी आहे.

एका ठिकाणीं मात्र ती खरी राहिली. वहींत एके जागीं ‘बांध परला’ असे शब्द होते. ते आम्हांस लागले नाहींत. मातीचा परळ कीं काय, असा विचार करून आम्हीं ते अक्षरशः उतरविले व समासांत प्रश्नचिन्ह केलें. पुरानंतर त्याच गांवीं चौकशीस गेलों असतां घरची वृद्ध बाई हात पसरून म्हणाली, “गुरुजी, बांध परला नं समदं गेलं.” ‘परला’ म्हणजे ‘पडला’. वहींतली ती नोंद खर्चाची नसून बांध फुटल्याची होती, हें आम्हांस तेव्हां कळलें. जेथें आम्हांस अर्थ लागला तेथें आम्हीं कागद बिघडविला. जेथें लागला नाहीं तेवढीच जागा विश्वसनीय राहिली.

हा दोष आमच्या एकट्याचा असता तर येथें लिहिण्याचें कारण नव्हतें. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर जुने कागद छापतांना अनुस्वार गाळण्याचा व रूपें सारखीं करण्याचा प्रघात वाढला आहे. नवें लेखन कसें करावें यासाठीं ते नियम आहेत. गतकालीन मनुष्याच्या लेखणीस ते लावण्याचा अधिकार कोणास नाहीं. श्रीएकनाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हा दाखला कोणी देईल. त्यांचा हेतु पाठकांस निर्दोष पाठ द्यावा हा होता. साधनें संपादणाऱ्याचा हेतु तो नव्हे. महिकावतीची बखर राजवाड्यांनीं १९२४ त प्रसिद्ध केली. तिची भाषा पेशवाईच्या दफ्तराहून निराळी वाटते, आणि निराळी वाटते म्हणूनच ती मोलाची आहे.

यास्तव संग्राहकांस आमच्या सूचना अशा. नक्कल यथामूल करावी. शुद्ध रूप द्यावयाचें तर समासांत द्यावें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं व अनुस्वार बहुधा गळतो, म्हणून त्यांवरून बोलीचें अनुमान काढूं नये; ण-न, ळ-ल, ड-र हे वर्ण मात्र मोडींत स्वतंत्र आहेत, ते डोळ्यांत तेल घालून पाहावे. कागद कोणाचा, यापेक्षां लिहिला कोणीं हें आधीं ठरवावें. आगऱ्याच्या वहींत देशस्थ कुळकर्ण्याची भाषा असूं शकते. एका शब्दावरून निर्णय देऊं नये, रूपें मोजावीं. आणि अतिशुद्धीकडे विशेष लक्ष द्यावें. आमच्या वर्गांतील जीं मुलें ‘पानी’ बद्दल बोलणीं खात, तींच पुढें ‘मन’ याच्या जागीं ‘मण’ व ‘कान’ याच्या जागीं ‘काण’ लिहूं लागत. जुन्या लेखांत असा अस्थानीं ण-कार दिसला तर त्यास अज्ञान म्हणूं नये; आपली बोली हीन आहे अशी समजूत झालेल्या मनुष्याची ती साक्ष आहे.

डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनीं अलीकडे गांवोगांवच्या मराठी बोलींचें ध्वनिमुद्रण करून तें सर्वांस खुलें केलें आहे. सातव्या खंडांत कारकुनाच्या कानामुळें जो दोष शिरला, तो येथें टळतो. तथापि ध्वनिमुद्रण जिवंत माणसाचेंच होतें. शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा आगरी काय बोलत होता, हें सांगणारे कागद भिवंडी, पडघें, कल्याण, मुरबाड या भागांतील घरांच्या माळ्यांवर जे असतील तेवढेच. ते ज्यांच्या हातीं येतील त्यांनीं आमच्याहून अधिक नम्रपणें ते वाचावे.

आमच्या नकलेच्या पहिल्या पानावर आम्हीं आतां एक ओळ लिहून ठेविली आहे: या प्रतींतील ण व ळ नक्कलकाराचे आहेत, वहीचे नव्हत.