आकृतीतले बाण आणि घरातली माणसे

स्त्रियांच्या सक्षमीकरणातील अडथळ्यांचा गणिताने अभ्यास करण्याची एक रीत विद्यापीठीय लेखनात रूढ झाली आहे. साहित्याच्या पत्रिकेत गणित कशाला, असे वाचकांस वाटेल. परंतु गणिती प्रतिमान हेही जीवनाविषयीचे एक विधानच असते, आणि विधान म्हटले की ते समीक्षेच्या कक्षेत येते.

या रीतीचा पाया अमेरिकन अभ्यासक जॉन वॉरफिल्ड यांनी 1970 च्या दशकात घातला. प्रथम अडथळ्यांची यादी करावयाची : शिक्षणाचा अभाव, मालमत्तेवर हक्क नसणे, प्रवासाची गैरसोय, घरच्यांचा विरोध. मग प्रत्येक जोडीविषयी तज्ज्ञांस विचारावयाचे की, यातील कोणता अडथळा कोणास जन्म देतो. 10 अडथळे असतील तर 45 जोड्या, 15 असतील तर 105. उत्तरांचे शून्य आणि एक करून कोष्टक मांडले जाते. 'अ'मुळे 'ब' आणि 'ब'मुळे 'क', म्हणून 'अ'मुळे 'क', या नियमाने राहिलेले दुवे भरले जातात. अखेर बाणांची पायरीवार आकृती उभी राहते; तळाचा अडथळा तो मूळचा.

या रीतीचा गुण मान्य केलाच पाहिजे. ती 'आधी काय' हा प्रश्न विचारते. कर्नाटकात जून 2023 पासून स्त्रियांस सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. पण आपल्या जोयडा तालुक्यातील रानात विखुरलेल्या ज्या वाडीवर बसच जात नाही, तेथील बाईस त्या तिकिटाचा उपयोग काय? रस्ता आधी, तिकीट नंतर, हे आकृती स्पष्ट दाखवते.

आमचा आक्षेप पुढे आहे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे 1910 चे पुस्तक घ्या. पती शिकवावयास उत्सुक, आणि विरोध घरातील वडीलधाऱ्या बायकांचा. आकृतीत 'घरच्यांचा विरोध' हा एकच चौकोन. रमाबाईंच्या घरात त्याच चौकोनातून दोन उलट दिशांचे बाण निघतात.

दुसरे असे की, 'अडथळा' या शब्दात कर्ता लपतो. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली आपल्या निबंधाचे नावच 'स्त्रीपुरुष तुलना' ठेवले आणि दुसऱ्या पारड्यात पुरुषाला बसवले. शेतीतील स्त्रियांसाठी 2012 साली आलेल्या सक्षमीकरण निर्देशांकात एकाच घरातील स्त्री व पुरुष यांची तुलना आहे खरी. पण त्या भागास वजन अवघे 10 टक्के.

तिसरा आक्षेप आम्हांस जवळचा. कोष्टक भरतो तो तज्ज्ञ. काळी नदीवरील सुपा धरणात जुने सुपे बुडाले आणि कितीतरी कुटुंबे रामनगरास आली. जमीन कोणाच्या नावे होती, कागदावर सही कोणी केली, नव्या जागी पाणी कोणी वाहिले, हे तेथल्या आजीस ठाऊक आहे. पण तज्ज्ञांच्या यादीत तिचे नाव येत नाही. तिचे उत्तर शून्य किंवा एक यांत बसेलच असे नाही. म्हणून ते आपल्याच घरातून, तिच्याच शब्दांत लिहून ठेवले पाहिजे, आणि ती असेतोवरच.