धंद्याचा कागद आणि आपला मुलूख

सिनेमाधंद्याची पत्रं आपण रसिक मंडळी सहसा वाचत नाही. ‘ट्रेड गाइड’, ‘फिल्म इन्फर्मेशन’ ही निर्माते-वितरकांच्या टेबलावरची नावं. पण धंद्याच्या या हिशेबात आपला मुलूखही असतो, ‘सी. पी. बेरार’ या नावानं! आता बघा, मध्यप्रांत-वऱ्हाड हे प्रांताचं नाव १९५० मध्येच गेलं. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा निघाला. धंद्याच्या नकाशावर मात्र आपण अजून इंग्रजी अमदानीतच आहोत. का? तर हा नकाशा भाषेचा किंवा माणसांचा नाहीच. चित्रपट दाखवण्याचे हक्क कुठल्या तुकड्यानं विकायचे, त्याचा तो नकाशा आहे.

अॅरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये जोड्याचं उदाहरण दिलंय. जोड्याचे उपयोग दोन: पायात घालणं आणि देवघेव करणं. धंद्याचं पत्र दुसऱ्या उपयोगाचं परीक्षण करतं. ‘चालेल का?’ हा त्याचा एकच प्रश्न, आणि वितरकासाठी तो रास्तच आहे. आमची तक्रार निराळी आहे. ज्याचा एक रुपया त्यात गुंतलेला नाही, तो प्रेक्षकही आता ‘पहिल्या आठवड्यात किती कोटी?’ असंच विचारतो. जोडा पायात असून चावतो की नाही, हे सांगायचं सोडून तो किंमत सांगतो!

मेळाव्यांचंही तेच. मुंबईत जिओ वर्ल्ड सेंटरला १ ते ४ मे २०२५ या काळात ‘वेव्ज’ परिषद झाली. तिथं ‘वेव्ज बाजार’ही होता. बाजार असण्यात वावगं काही नाही. आपल्या झाडीपट्टीचा बाजार वडश्याला भरतोच की! नाटक कंपन्यांची कार्यालयं, पोस्टरं, गावोगावच्या मंडळांची माणसं. दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, शंकरपटासाठी तारखा ठरतात. पण एक फरक ध्यानात घ्या. वडश्याला नाटक ठरवणारा माणूस त्या रात्री मंडपात स्वतः बसतो. नाटक पडलं, तर सकाळी पानठेल्यावर गाव त्यालाच जाब विचारतं. किंमत आणि मोल, दोन्हींची जबाबदारी एकाच माणसावर येते. मोठ्या बाजारात विकत घेणारा आणि बघणारा यांची गाठच पडत नाही.

म्हणून वडसा म्हणजे स्वर्ग, असं आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या नटीचा फोटो पोस्टरवर आला की संहिता कोण विचारतो? शिवाय धंद्याच्या पत्राचा एक गुण आपल्याकडे हवा आहे: ते नोंद ठेवतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांनी झाडीपट्टीकडे वळून पाहिलं. पण कुठलं नाटक किती रात्री झालं, कुठल्या गावात का रंगलं आणि कुठं का पडलं, याची वही कोण ठेवतं?

गर्दीचा आकडा जरूर लिहा. मात्र त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखा: काय पाहिलं, आणि ते खरं वाटलं का? हा रकाना कुठलाही वितरक भरणार नाही. तो रात्रभर जागलेल्या प्रेक्षकालाच भरावा लागेल. येत्या मंडईपासून सुरुवात करू या.