रक्त दिसते, कारण दिसत नाही

नोव्हेंबर २००८च्या अखेरीस ताज हॉटेलातली चकमक संपली आणि तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख जळालेल्या इमारतीची पाहणी करायला गेले. त्यांच्यासोबत दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. शहराने अजून आपली माणसे पुरती ओळखलीही नव्हती आणि इथे सिनेमाची जागा बघणे चालले आहे, अशा भावनेने लोक संतापले. मुख्यमंत्रिपद जाण्यामागे या भेटीवरची टीकाही होती. वर्मांचा सिनेमा आला २०१३ साली, म्हणजे चार वर्षे उलटल्यावर. घाईचा आक्षेप तोवर शिळा झाला होता. पण पडद्यावर काय उतरले? लिओपोल्ड, सीएसटी येथल्या गोळीबाराची सविस्तर पुनर्निर्मिती आणि सारा घटनाक्रम समजावून सांगणारा नाना पाटेकरांचा पोलीस अधिकारी. त्या रात्री गाडीची वाट पाहत बसलेली माणसे कोण होती, कुठे निघाली होती, त्यांच्या घरी नंतर काय झाले, यात सिनेमाला फारसे स्वारस्य नाही. बहुतेक माणसे पडद्यावर येतात ती गोळी लागण्यापुरती.

आपल्याकडे अशा सिनेमांवर भांडण होते ते दोनच गोष्टींवरून: फार लवकर काढला का, आणि फार उघडे दाखवले का. दोन्ही प्रश्न रास्त असले तरी दोन्ही अपुरे आहेत. चार वर्षे थांबूनही सिनेमा उथळ निघू शकतो आणि एक थेंब रक्त न दाखवताही खोटा ठरू शकतो. शोकांतिका पडद्यावर आणणाऱ्याला विचारायला हवे ते वेगळेच. ती घटना ज्या जगण्यातून उगवली आणि ज्या जगण्यात जाऊन मुरली, ते जगणे सिनेमात आहे का? ते नसेल तर उरतो तो अपघात किंवा राक्षसाची गोष्ट, आणि या दोन्हींतून प्रेक्षक अंग झाडून मोकळा होतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये एक सफाई कामगार मॅनहोलमध्ये मरतो आणि त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर दाखल होतो. गटारातला मृत्यू सिनेमात कुठेच दिसत नाही. दिसते ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असलेली त्या कामगाराची बायको. नवरा आत उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सोसत नसे. गॅसने त्याचा एक डोळा गेला होता. आत हवा आहे की नाही हे तो झुरळ बाहेर येते का यावरून ताडायचा. संरक्षक साधने मिळत नव्हती. ती हे सांगते रेशनच्या रांगेत बोलावे तितक्या सपाट आवाजात. न्यायाधीश त्यातले हवे तेवढे लिहून घ्यायला सांगतात आणि काम पुढे सरकते. कॅमेरा जागचा हलत नाही, मागे संगीत नाही, ती रडतही नाही. एरवी हाच प्रसंग हुंदक्यांवर नेऊन संपवला असता. इथे तिच्या उत्तरांतून महापालिकेची कंत्राटी व्यवस्था, जात आणि कायदा यांची साखळी कडीकडीने समोर येते. सरकारी वकील बाईंना तर ताम्हाणे घरापर्यंत नेतात: त्या लोकलने परततात, स्वयंपाक करतात, परप्रांतीयांची टवाळी करणारे नाटक बघायला सहकुटुंब जातात. त्या दुष्ट नाहीत. मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला त्या फारच ओळखीच्या वाटतात, आणि सिनेमा खरा टोचतो तो तिथे.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ही याच वाटेने जातो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर नजर ठेवायला लहानग्या मुलाला त्याच्या मागे धाडते, घरात काही नसताना गोडधोड रांधते. विदर्भातल्या आत्महत्यांवर आकडेवारी मांडणारी भाषणे पुष्कळ झाली. बापाच्या मागे मागे फिरणारे ते पोर जे सांगते, ते त्यांत सापडत नाही.

सर्वात स्वच्छ पुरावा मात्र एकाच कथेच्या दोन सिनेमांत मिळतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) जातीबाहेर लग्न करून पळालेली आर्ची दारात रांगोळी काढत असते तेव्हा तिचा भाऊ आणि त्याची माणसे येतात. ती त्यांना घरात घेते, चहा टाकते. हत्या आपल्याला दिसत नाही. शेजारणीकडून परतलेले लेकरू घरात शिरते, आवाज नाहीसा होतो, आणि ते रक्ताळल्या पावलांनी बाहेर पडते. हा शेवट धक्का देण्यासाठी चिकटवलेला नाही, कारण आधीचे तीन तास आर्चीच्या बापाची सत्ता, वर्गात मास्तरांवर हात उचलणारा तिचा भाऊ आणि तिचा नवरा परश्या याच्या घरच्यांचे भय हेच सांगत आले आहेत. दोन वर्षांनी आलेल्या हिंदी ‘धडक’ने गोष्ट उचलली आणि जात जवळजवळ पुसून टाकली. उदयपूरचा राजवाडा, श्रीमंत-गरिबांचे प्रेम आणि शेवटी एक भीषण प्रसंग. रक्त दोन्हीकडे सांडते, पण ‘धडक’मध्ये ते का सांडले हे कळायला मार्ग नाही. ‘सैराट’चा पूर्वार्ध गाण्यांच्या मोहात लांबतो, हेही खरे, तरी त्या लांबणीत गाव उभे राहते.

यावर कुणी म्हणेल, आडपडदा ठेवणे म्हणजे सभ्य प्रेक्षकाची सोय पाहणे. अत्याचार उघडा दाखवल्याशिवाय समाज हलत नाही. ‘बँडिट क्वीन’च्या बाजूने हेच बोलले गेले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातली विवस्त्र धिंड पाहून वासना नव्हे तर करुणा जागी होते, असे मानून परवानगी दिली. युक्तिवाद वजनदार आहे. पण त्यात विचार झाला तो प्रेक्षकाच्या मनावरील परिणामाचा. जिच्यावर सिनेमा होता ती फूलन देवी हयात होती, तिचा या चित्रणाला विरोध होता, तिने कोर्टात धाव घेतली होती. अरुंधती रॉय यांनी तेव्हाच विचारले होते की जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या संमतीवाचून पुन्हा उभा करण्याचा हक्क कुणी दिला. त्या प्रश्नाचे उत्तर आजही कुणी नीट दिलेले नाही. उघडेपणालाच माझा विरोध नाही. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ११ जुलै १९९७च्या रमाबाई नगर गोळीबारातले मृतदेह आहेत. पण तिथे दहा माणसे का मारली गेली आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास का घेतला, हे शोधत पटवर्धन चौदा वर्षे वस्त्यांमधून, गाण्यांमधून, कोर्टकचेऱ्यांमधून फिरले आहेत. एवढी किंमत मोजलेल्याला ती दृश्ये दाखवण्याचा अधिकार पोचतो.

दुसरा आक्षेप पोहोचण्याचा: ‘कोर्ट’ पाहिला किती जणांनी? थोड्यांनी, हे मान्यच आहे. पण ‘सैराट’ने तोवरच्या मराठी सिनेमाचे कमाईचे सारे विक्रम मोडले, तेही जात न लपवता. तेव्हा लोकांना खोल काही नको असते, ही निर्मात्यांची सबब आहे.

‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी हल्ली कवचासारखी वापरली जाते. ‘द केरला स्टोरी’च्या टीझरने ३२ हजार मुलींच्या धर्मांतराचा आकडा छातीठोकपणे सांगितला आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांना त्याला अधिकृत आधार नसल्याची सूचना सिनेमात घालायचे कबूल करावे लागले. तोवर आकडा घरोघरी पोचला होता. म्हणून बंदी घाला असे मी म्हणणार नाही. बंदीची कात्री कुणावर चालते हे आपण पाहिले आहे. मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला सुरू आहे म्हणून त्यावरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ २००७पर्यंत अडला. आणि २०२५च्या एप्रिलमध्ये ‘फुले’ या हिंदी सिनेमाला, ज्यात रक्तपात नावालाही नाही, सेन्सॉर मंडळाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला आणि गुलामीची तीन हजार वर्षे ‘कित्येक वर्षे’ करायला सांगितले. फुले जयंतीला, ११ एप्रिलला, लागणारा तो सिनेमा दोन आठवडे उशिरा, २५ तारखेला लागला.