जिन्याच्या आकृतीत राहून गेलेल्या दोन गोष्टी

ध्वनीचे अंकांत रूपांतर कसे होते हे सांगताना बहुतेक पुस्तकांत एकच आकृती भेटते. एक नागमोडी वक्र आणि त्याच्या अंगाला चिकटून चढणारा-उतरणारा जिना. पायऱ्या जितक्या लहान तितका आवाज अस्सल, असे त्याखाली लिहिलेले असते. मुले हे पाठ करतात, आपण गुण देतो.

मुळात हा जिनाच चुकीचा आहे. परिवर्तक मोजतो ते सुटे बिंदू. मूळ ध्वनीतील सर्व कंपनसंख्या नमुनादराच्या निम्म्याहून कमी असतील तर त्या बिंदूंवरून मूळ वक्र तंतोतंत परत मिळतो, हे शॅनन यांच्या 1949 च्या लेखापासून सर्वांना ठाऊक आहे. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या आकृतीत आडव्या अक्षावर काळाचे एकक नसते आणि उभ्या अक्षावर शून्य कोठे आहे ते दाखवलेले नसते. प्रयोगवहीत असा आलेख आला तर आपण तो लाल शाईने परत करू!

याचा परिणाम मी एका शिबिरात पाहिला. अकरावीच्या मुलांनी 512 हर्ट्झ छाप असलेला नादकाटा मायक्रोफोनसमोर वाजवला. संगणकाने उत्तर दिले 470. काटा झिजला असेल, असे ठरले. दुसरा काटा आणला, तोही 470! मग एका मुलाने 470 ला 512 ने भागले. उत्तर आले सुमारे 0.918. आणि 44,100 भागिले 48,000 म्हणजेही जवळजवळ तेवढेच. मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम सेकंदाला 44,100 नमुने धरून चालला होता. परिवर्तकाच्या पाटीवरचा स्फटिक मात्र 12.288 मेगाहर्ट्झचा होता. त्याला 256 ने भागले की 48,000 येतात. 44,100 हवे असतील तर स्फटिक 11.2896 मेगाहर्ट्झचा लागतो.

256 ने भागायचे कशासाठी? आजचे ध्वनिपरिवर्तक एकेक नमुना सावकाश, अचूक मोजत नाहीत. ते नमुनादराच्या कितीतरी पट, बहुधा 64 पट, वेगाने अगदी ढोबळ मोजमापे घेतात आणि अंकीय गाळणीतून त्यांची सरासरी काढून एक नेमका आकडा देतात. त्यासाठी वेगवान मुख्य घड्याळ लागते. त्याच घड्याळातून एकेक बिट पाठवण्याचा ठोका निघतो आणि डावा-उजवा नमुना ओळखण्याचाही. हे ठोके वेगवेगळ्या स्फटिकांवरून घेतले तर नमुने गळतात किंवा दोनदा येतात आणि आवाजात कटकट ऐकू येते. ही चूक निदान कानाला कळते. शिबिरातली चूक कळणारी नव्हती, कारण आकड्यांच्या रांगेत काळ कोठेच लिहिलेला नसतो. तो बाहेरून सांगावा लागतो. (44,100 हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपवर अंकीय ध्वनी साठवण्याच्या काळातला आहे: 3 × 245 × 60 किंवा 3 × 294 × 50. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीने तोच पुढे चालवला.)

आता शून्याकडे वळू. खोली अगदी शांत असताना नोंद घ्या. आकडे शून्याभोवती घुटमळायला हवेत, पण समजा ते 400 भोवती घुटमळत आहेत. प्रवर्धक आणि परिवर्तक यांचा स्वतःचा थोडासा दिष्ट विद्युतदाब त्यात मिसळलेला असतो. 16 बिटांच्या 32,768 या मर्यादेत 400 म्हणजे एक टक्क्याहून किंचित जास्त. कानाला पत्ताही लागत नाही. पण 300 आयामाचा मंद नाद नोंदला आणि शून्य ओलांडण्याच्या वेळा मोजून कंपनसंख्या काढू लागलो, तर वक्र शून्याला शिवतच नाही. काटा वाजतो आहे आणि कंपनसंख्या शून्य! वर्गमध्यमूळ काढले तर 212 ऐवजी 453 येते, म्हणजे आवाज साडेसहा डेसिबलने मोठा भासतो.

व्हर्निअरचा शून्यदोष आपण वजा करतो, तशी इथे सरासरी वजा करता येते. मात्र हा दोष उपकरण तापले की सरकतो, म्हणून गाळणी वापरतात. तिची कृती एका ओळीची आहे: आताचा नमुना, वजा मागचा नमुना, अधिक मागच्या उत्तराची 0.999 पट. स्थिर भाग पहिल्या दोन पदांत कटतो. उरलेला प्रत्येक नमुन्यागणिक 0.999 पट होत जातो आणि हजार नमुन्यांनी, म्हणजे 44,100 च्या दराने सुमारे 23 मिलिसेकंदांत, 37 टक्क्यांवर येतो. साधारण 7 हर्ट्झच्या खालचे सारे ती दाबते. दर 48,000 असेल तर ही सीमा 7.6 होते. म्हणजे शून्याचा हिशेबही शेवटी घड्याळापाशीच येतो.

काही मार्गदर्शिका ही गाळणी नेहमी चालू ठेवायला सांगतात. हे मला पटत नाही. तबल्याच्या नोंदीला ती चालेल. पण त्याच साधनाने कपॅसिटरच्या विसर्जनाचा आलेख काढायला दिला, तर आलेख शून्यापासून निघून खाली बुडी मारतो व परत वर येतो, आणि मुले ऋण विद्युतदाबाचा शोध लावून मोकळी होतात. गाळणी बंद करूनही भागेलच असे नाही. साउंड कार्डाच्या प्रवेशद्वारी बहुधा आणखी एक कपॅसिटर बसलेला असतो आणि तो हेच काम मुकाट्याने करत राहतो. या प्रयोगासाठी दिष्ट विद्युतदाब थेट मोजणारा साधा परिवर्तकच घ्यावा.