मेळा, मैफल आणि जलसा

गायक गातो तो कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे दोन पक्षांनी परस्परांकडे पाठ फिरवून दिलेले आहे. नादाच्या उपासनेस नादाखेरीज दुसरे प्रयोजन नाही, असे एक पक्ष म्हणतो, आणि ज्या गाण्याने लोक जागे होत नाहीत ते गाणे ऐषारामाचे, असे दुसरा पक्ष तितक्याच निश्चयाने सांगतो. पुण्याच्या नारायण पेठेचा सव्वाशे वर्षांचा सांगीतिक इतिहास समोर ठेवला म्हणजे या दोन्ही उत्तरांत काय अपुरे आहे, ते ध्यानी येऊ लागते.

बडोदेकर सरकारांचा गायकवाडवाडा टिळकांनी 1905 साली घेतला, आणि विंचूरकरवाड्यात बसणारा गणपती तेव्हापासून या वाड्यात बसू लागला. त्या गणपतीपुढे जे मेळे येत, त्यांत एका वेषातली मुले लेझीम किंवा टिपऱ्या घेऊन उभी राहत, पेटी-तबल्याच्या साथीवर लोकप्रिय नाटकी चालींत बांधलेली पदे म्हणत, आणि शिवछत्रपतींपासून स्वदेशी कापडापर्यंत सर्व विषय त्या पदांतून रस्त्यावरच्या माणसाच्या कानी पडत. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंत वर्तमानपत्राचा अग्रलेख पोहोचत नसे, पण मेळ्याचे पद पोहोचत असे. ही गोष्ट सरकारच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही; पदांचा मजकूर आगाऊ मागविणे, परवाने अडविणे, मेळ्यांवर बंदीहुकूम बजावणे हे सारे क्रमाने आले, आणि फौजदारी दफ्तराने जितक्या बारकाईने ही पदे वाचली तितक्या बारकाईने ती आपल्या संगीतसमीक्षकांनी कधी वाचली नाहीत.

मात्र मेळ्यांचा गौरव करताना त्यांच्या आरंभाचे दुसरे अंगही लपविता कामा नये. मुंबईतील 1893 च्या दंगलीनंतर पुण्यात जी पदे गायिली गेली, त्यांत हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांपासून दूर राहावे असा उपदेश होता. तोवर ताबुतांपुढे नाचणारे, ताबूत स्वतः बांधणारे कित्येक हिंदू याच पेठांतले होते. पुढे 1922 च्या सुमारास जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने त्याच रस्त्यांवर, तशाच चालींत ब्राह्मणी वर्चस्वावर प्रहार सुरू केले आणि सन्मित्र समाज मेळ्याने त्यास प्रत्युत्तरे दिली. गाण्याने माणसे एकत्र येतात हे खरे असले, तरी कोणाविरुद्ध एकत्र येतात हेही विचारले पाहिजे. सूर त्याची निवड करीत नाही. ती गाणाऱ्यास करावी लागते, आणि तिची जबाबदारीही त्याच्यावरच राहते.

आता टिळकांच्याच केसरी पत्राच्या परिवारातले एक उदाहरण घेऊ. केसरीचे संपादकपद भूषविलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक कर्झनशाहीवरील रूपक म्हणून गाजले आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा रुक्मिणीच्या विवाहाच्या त्या कथेत जप्त करण्याजोगे काही कोणास दिसले नाही. परंतु माझ्या मते समाजाच्या घडणीत अधिक खोलवर गेले ते ‘स्वयंवर’च. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ अशा तीन उस्तादांची तालीम घेतलेल्या या ब्राह्मण गवयाने घराण्यांच्या बंद दालनातील ख्यालाची गायकी नाट्यपदांत ओतली, आणि जी विद्या शिकण्यासाठी त्यांना स्वतःला वर्षानुवर्षे खाँसाहेबांची सेवा करावी लागली होती, तिची गोडी माजघरातल्या बायकांच्या ओठी आली. भारत गायन समाज स्थापन करून (1911) त्यांनी तिला शिकवणीचे दारही उघडून दिले. बुवांनी हे समाजसुधारणेचा हेतू धरून केले असे मी म्हणणार नाही. त्यांना राग नेटका उभा राहावा एवढेच हवे होते. पण तो कोणापुढे आणि कोणाच्या कंठातून उभा राहावा, याविषयी त्यांनी आडकाठी मानली नाही, आणि परिवर्तनाला वाट मिळाली ती तेथून.

स्त्रियांच्या गाण्याची हकिकत याहून कठीण आहे. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेत गाइलेली पदे घरोघर गुणगुणली जात होती, त्याच काळात प्रत्यक्ष स्त्रीने चारचौघांत बैठक मारून गावे हे कुलीनतेस बाधक समजले जाई, आणि गाणारणीच्या कलेवर लुब्ध असणारा रसिक तिला आपल्या ओसरीवर घेत नसे. अब्दुल करीमखाँ आणि ताराबाई माने यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जलसे केले, साध्या नऊवारीत, पदर सावरून, हावभावांचा आधार न घेता केवळ सुरांवर श्रोत्यांना बांधून ठेवले, आणि त्यांच्या जलशांना घरंदाज स्त्रिया येऊ लागल्या. हिराबाईंनी सुधारणेवर व्याख्यान दिले नाही. पुढच्या दोन पिढ्यांतील मुलींच्या हाती तंबोरा देताना आईबापांना जो संकोच वाटेनासा झाला, त्यातच त्यांचे कार्य दिसते.

भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्यापाशी ही सारी सूत्रे एकत्र येतात. मुंबई नभोवाणी केंद्रावर त्यांनी ‘वंदे मातरम्’ आरंभिले असता ध्वनिक्षेपण तोडण्यात आले, तेव्हा त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत तो पाळला. त्या गीताची समूहाला सहज गाता येईल अशी चाल बांधून ती स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांपुढे मांडण्यासाठी त्यांनी झीज सोसली. आणि त्याच मास्तरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून बुद्धवंदनेस स्वर दिले. हे दुसरे कार्य आमच्या पेठांतील रसिकांच्या बोलण्यात क्वचितच येते, याचे मला फार वैषम्य वाटते.

कारण येथेच आपल्या समीक्षेची मोठी उणीव आहे. सत्यशोधकांचे प्रबोधनपर जलसे ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी गाजविले, नाशिकच्या भीमराव कर्डकांनी 1931 पासून आंबेडकरी जलसा उभा केला, वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून हजारो गीते रचली, अमरशेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगाव आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा गर्जत ठेवला. परंतु संगीताचा इतिहास म्हणून आम्ही जे लिहितो, त्यात घराण्यांच्या वंशावळी असतात आणि जलशाला लोककलेच्या परिशिष्टात जागा मिळते. अमरशेखांचा पहाडी आवाज तार षड्जावर कसा ठरत असे, वामनदादांच्या चालींत कव्वाली आणि भजन यांची सांधेजोड कशी झाली, या निव्वळ संगीताच्या प्रश्नांना कोणी हात घातला नाही. प्रयोजन सामाजिक आहे म्हणून कला तपासायची नाही, हा त्या कलावंतांचा अवमानच होय.

आणि आजची स्थिती? मेळे गेले, वाद्यमेळ, चित्रपटगीते आणि मागाहून ध्वनिवर्धकांच्या भिंती यांनी त्यांची जागा व्यापली. ढोलताशांच्या पथकांनी मात्र एक मोठी गोष्ट केली. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांतून निघालेल्या या परंपरेत कमरेला ढोल बांधून मुली विसर्जनाच्या मिरवणुकीत शिरल्या, आणि ज्या रस्त्यावर त्यांच्या आज्या माडीच्या खिडकीतून मिरवणूक पाहत, तो रस्ता त्यांचा झाला. हे परिवर्तन मी हिराबाईंच्या परंपरेतलेच मानतो. परंतु पथकाला शब्द नाही. भाद्रपदापूर्वी नदीपात्रालगत महिनामहिना चालणाऱ्या सरावात हातांना मिळते तशी तालीम कंठांना कोठेच मिळत नाही, आणि एका आळीतील मुलामुलींनी आपल्याच दिवसांविषयी रचलेले, चारचौघांच्या टीकेस तोंड देऊन म्हटलेले पद नारायण पेठेच्या उत्सवातून नाहीसे झाले आहे. ते कोणत्याही बंदीहुकुमाने गेलेले नाही. मंडळांच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम नाही, आणि ती मागणाराही कोणी उरलेला नाही.