यंत्र वाजले, पुढे काय?

गांधीबागेतील आमच्या एका शिक्षक-स्नेह्यांनी नवे धातुशोधक यंत्र आणले. त्यासोबत मिळालेली, जुनी नाणी कशी शोधावीत हे सांगणारी पुस्तिका आम्ही लक्षपूर्वक वाचली.

तिच्यातील भौतिकशास्त्र चोख आहे. वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील नाण्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. फळ्यावर शिकवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन येथे चक्क ऐकू येते.

आवाज आला की खणावे, हा पुढचा सल्ला मात्र आम्हांस अशास्त्रीय वाटतो. न विस्कटलेल्या थरात नाणे मिळाले, तर तो थर नाणे पाडले त्या काळाआधीचा नाही, हे ठामपणे सांगता येते. १९६९-७० मध्ये पवनी येथे झालेल्या उत्खननासारख्या कामांत माती थराथराने काढतात, ती याचसाठी. घाईने उपसलेल्या नाण्याचा हा पुरावा कायमचा जातो. नाणे कितीही चकचकीत केले तरी तो परत येत नाही.

कायद्याबाबतही पुस्तिका गप्प आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.

यंत्र शाळेत जरूर आणावे. पण वाळूच्या पेटीत आजची नाणी वेगवेगळ्या खोलीवर पुरावीत आणि कोणते नाणे किती खोलीपर्यंत ऐकू येते, याचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.