'एशियन ड्रामा' : कुणबी पडद्याआड

गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांचा 'एशियन ड्रामा' हा त्रिखंडात्मक ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचणारे विरळाच. त्यातील 'मृदू राज्यसंस्था' हा शब्दप्रयोग मात्र सर्वतोमुखी झाला. कायदे करावयाचे, पण ते पाळावयास लावावयाचे नाहीत, असा त्याचा आशय. कूळकायद्याची कथा ठाऊक असलेल्या वाचकांस अधिक विवरण नको.

ग्रंथाचे खरे मोल आमच्या मते अन्यत्र आहे. मिर्दाल आरंभीच पाश्चात्त्य संशोधकांच्या, म्हणजे स्वतःच्याही, डोळ्यांतील मुसळ दाखवितात. नवस्वतंत्र देशांविषयीची ही एकाएकी उपजलेली आस्था शीतयुद्धातून आली आहे, आणि मुत्सद्देगिरीपोटी अप्रिय सत्य गिळण्याची खोड संशोधनास जडली आहे, असे ते स्पष्ट बजावतात. 'बेकारी' ही पाश्चात्त्य कल्पना येथे लागू पडत नाही, हे त्यांचे विवेचन तर अप्रतिम आहे. दोन एकरांवर चार भाऊ राबतात. त्यांतला बेकार कोणता म्हणावा?

परंतु नाटक म्हटले की पात्रांनी बोलावयास हवे. येथे योजनाकार आहेत, पुढारी आहेत. कुणबी मात्र पडद्याआडच राहतो. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी १९४० सालीच प्रसिद्ध केली होती. ती रूक्ष खरी, पण तिची दृष्टी शेतकऱ्याच्या जमाखर्चावर होती. मिर्दाल यांच्या भव्य इमारतीत ही जवळीक आम्हांस आढळत नाही.

त्यांच्या निराशेसही काळाने लगोलग उत्तर दिले. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले. १९६४-६५ साली सुमारे १ कोटी २० लाख टन असलेले गव्हाचे पीक १९६७-६८ साली १ कोटी ६० लाखांवर गेले. मग राज्यसंस्था मृदू कोठे राहिली? आम्ही म्हणू, ती पाणी व जमीन असणाऱ्यांशीच मृदू होती, आणि नवे बियाणेही प्रथम त्यांच्याच शेतात फळले. मिर्दाल यांनी ही बाजू ओळखली होती. कुणब्याला रंगमंचावर आणते, तर ती वाचकांच्या अधिक ध्यानी राहती.

२०१९ साली हेलसिंकी येथील संयुक्त राष्ट्रसंघीय विद्यापीठाच्या संस्थेने या विषयाचा पुन्हा आढावा घेणारा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे संपादन दीपक नय्यर या भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी केले असून, मिर्दाल यांनी वगळलेल्या चीनचाही त्यात विचार आहे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावे. आरंभ मात्र जुन्याच्या प्रास्ताविकापासून करावा.